पट्टीवरची रेघ आणि तिचा अर्थ : अमली पदार्थांच्या झटपट चाचणीविषयी

आपल्या रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागाच्या कामाचा आढावा या अहवालात अन्यत्र दिला आहे. त्या विभागाचे काम ज्या साधनांवर चालते, त्यांपैकी एक म्हणजे लघवीतील अमली पदार्थ ओळखणारी झटपट चाचणीची पट्टी. ती बोटाएवढी लांब असते, तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि पाच-दहा मिनिटांत ती उत्तर देते. आता ती घरपोचही मिळू लागल्याने अनेक कुटुंबे रुग्णाला आमच्याकडे आणण्यापूर्वीच घरी चाचणी करून येतात. साहजिकच आमच्या देणगीदारांकडून आणि काही विश्वस्तांकडूनही एक प्रश्न वारंवार विचारला जातो. इतकी स्वस्त आणि सोपी चाचणी हाताशी असताना मोठ्या यंत्रावरील खर्चिक तपासणीसाठी रुग्णसाहाय्य निधीतून पैसे का द्यावे लागतात? प्रश्न रास्त आहे. ज्यांनी निधी दिला, त्यांना हिशेबाबरोबर त्यामागचे कारणही कळले पाहिजे. रुग्णांच्या नातेवाइकांना तर ते अधिकच कळले पाहिजे, कारण या पट्टीवरच्या एका रेघेवरून घरात अबोला धरला गेल्याचे आणि नोकरी गमावण्याची वेळ आल्याचे आम्ही पाहतो.

प्रथम रेघेविषयीच सांगितले पाहिजे. आपल्याकडे घरगुती चाचणी म्हटली की गर्भधारणेची चाचणी डोळ्यांसमोर येते. तिच्यात दुसरी रेघ उमटली की उत्तर होकारार्थी. अमली पदार्थांच्या पट्टीचे नेमके उलट आहे. येथे रेघ उमटली तर उत्तर नकारार्थी, आणि रेघ उमटली नाही तर होकारार्थी. दोन रेघा पाहून मुलाला दोषी ठरवलेले पालक आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा समुपदेशकाचा पहिला अर्धा तास ही उलटापालट समजावण्यातच जातो.

हे असे का, हे समजून घेणे अवघड नाही. पट्टीच्या कागदावर एका जागी त्या अमली पदार्थाचा अंश आधीच पक्का बसवलेला असतो. लघवी कागदातून वर सरकते, तेव्हा तिच्याबरोबर रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडेही वाहत जातात. लघवीत तो पदार्थ नसेल तर ही प्रतिपिंडे मोकळी राहतात, बसवलेल्या अंशाला चिकटतात आणि तेथे रंगाची रेघ दिसते. लघवीत तो पदार्थ भरपूर असेल तर प्रतिपिंडे वाटेतच त्याने व्यापली जातात. आधीच्या स्थानकांवर खचाखच भरलेली लोकल पुढच्या स्थानकावर थांबली, तरी फलाटावरच्या प्रवाशाला आत शिरता येत नाही. तसेच येथे घडते, आणि रेघ उमटत नाही. दुसरी, म्हणजे नियंत्रण रेघ मात्र प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी निकामी समजावी. चाचणीची रेघ कितीही फिकट असली तरी ती नकारच असते. फिकटपणावरून ‘थोडेसे घेतले असावे’ असा तर्क करण्यास कोणताही आधार नाही. पट्टी वेष्टनावर सांगितलेल्या वेळेतच वाचावी. तासाभराने पुन्हा पाहिलेल्या पट्टीला अर्थ उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. पट्टी ‘आहे की नाही’ असे उत्तर देत नाही. ती फक्त ‘ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे की खाली’ एवढेच सांगते. या मर्यादेला प्रयोगशाळेच्या भाषेत ‘कट-ऑफ’ म्हणतात. आम्ही तिला उंबरठा म्हणू. ती दर मिलिलिटर लघवीतील नॅनोग्रॅममध्ये मोजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. गांज्यासाठी प्रचलित पट्ट्यांचा उंबरठा बहुधा ५० नॅनोग्रॅम असतो. अफू, गर्द आणि त्यांपासून शरीरात बनणाऱ्या मॉर्फिनसाठी मात्र बाजारात दोन प्रकारच्या पट्ट्या मिळतात. एकीचा उंबरठा ३०० आणि दुसरीचा २०००. समजा, एखाद्याच्या लघवीत दर मिलिलिटरला ८०० नॅनोग्रॅम मॉर्फिन आहे. पहिली पट्टी होकार देईल आणि दुसरी नकार. नमुना एकच, माणूस एकच, आणि दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी बरोबर. ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली’ असे सांगणाऱ्याला आम्ही म्हणूनच आधी विचारतो, कोणत्या पट्टीवर आणि कोणत्या उंबरठ्यावर?

३०० आणि २००० यांतील फरकाची हकीकत सांगण्याजोगी आहे, आणि तिचा धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. मोठ्या प्रमाणावर लघवी तपासणीची सुरुवात १९७१ साली व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपासून झाली. मायदेशी परतण्यापूर्वी हेरॉइनसाठी त्यांची तपासणी सक्तीची करण्यात आली. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकी केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठीही अशी तपासणी आणली, तेव्हा अफूजन्य पदार्थांचा उंबरठा ३०० होता. त्यावर होकार आलेल्यांत असे कितीतरी लोक निघाले की ज्यांनी डॉक्टरांनी दिलेले कोडीनयुक्त औषध घेतले होते, किंवा नुसती खसखस लावलेली पावरोटी खाल्ली होती. अखेर १९९८ साली तेथील सरकारी नियमांत हा उंबरठा २००० करण्यात आला. तरीही प्रश्न पुरता मिटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस असलेले पदार्थ टाळण्याची सूचना दिलीच.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. बियांत स्वतःची अशी अफू जवळजवळ नसते, पण बोंडाचा चीक त्यांच्या पृष्ठभागाला लागलेला असतो. तो किती लागला आहे, हे पीक, काढणी आणि धुणे यांवर अवलंबून असते. म्हणून एका दुकानातील खसखस आणि दुसऱ्या दुकानातील खसखस यांत मोठा फरक असू शकतो. खाण्यातील खसखशीने नशा येत नाही, आणि अनारशांना, डिंकाच्या लाडवांना किंवा रश्श्याच्या वाटणाला कोणी व्यसन म्हणणार नाही. पण पट्टीला अनारसा ठाऊक नसतो. तिला मॉर्फिन तेवढे कळते.

एका दिवाळीनंतर आमच्याकडे हा प्रसंग प्रत्यक्ष आला. गर्द सोडून अनेक महिने झालेला एक तरुण ठरलेल्या तपासणीस आला आणि ३०० च्या पट्टीवर रेघ उमटली नाही. २००० च्या पट्टीवर मात्र रेघ स्पष्ट होती. तो शपथेवर नाही म्हणत होता. पत्नीने सणाच्या फराळाचे सांगितले, आणि वडिलांना ती सबब वाटली. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवला, तेथेही मॉर्फिन आढळले. ते आढळणारच होते, कारण खसखशीतून आलेले मॉर्फिन हे खरेच मॉर्फिन असते. यंत्र कितीही मोठे असले तरी एवढ्यावरून ते अनारसा आणि गर्द यांत निवाडा करू शकत नाही. हेरॉइनची स्वतःची अशी एक खूण असते. ६-मोनोअसिटिलमॉर्फिन नावाचा तो पदार्थ खसखशीतून कधीच येत नाही. या नमुन्यात तो नव्हता. परंतु तो लघवीत फार तर दिवसभर टिकतो, त्यामुळे त्याच्या अभावानेही संशय पुरता फिटत नाही. मग विभागाने जे केले ते साधे होते. खसखस वर्ज्य करण्यास सांगून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा नमुने घेतले. पुढचे सर्व नमुने दोन्ही पट्ट्यांवर नकारार्थी आले. मधल्या काळात त्याला उपचारातून काढले नाही, आणि घरच्यांनीही त्याला घराबाहेर काढू नये, एवढी विनंती आमच्या समुपदेशकांनी केली. ती त्यांनी मानली.

उंबरठा हा निसर्गनियम नसून माणसांनी कोणत्या तरी हेतूने घेतलेला निर्णय असतो, हे यावरून ध्यानात यावे. गांज्याचा उंबरठा अमेरिकी नियमांत पूर्वी १०० होता, तो १९९४ साली ५० वर आला. कोकेनचा ३०० होता, तो २०१० साली १५० झाला. खेळांच्या जगात उलट झाले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने गांज्याची मर्यादा २०१३ साली १५ वरून १५० नॅनोग्रॅम केली. कित्येक दिवसांपूर्वी ओढलेल्या गांज्यासाठी खेळाडूला दंड व्हावा, हा त्या नियमाचा उद्देशच नव्हता. जेथे होकाराने माणसाची नोकरी किंवा पदक जाणार असते, तेथे उंबरठा उंच ठेवणे न्याय्य असते. उपचार केंद्रात तो खाली ठेवणे सयुक्तिक ठरते, कारण सुटलेले व्यसन पुन्हा डोके वर काढत असेल तर ते आम्हाला लवकर कळायला हवे. म्हणून आमच्याकडे ३०० ची पट्टी वापरतात. पण खालच्या उंबरठ्याची पट्टी वापरणाऱ्याने तिच्या होकारावर शिक्षा देऊ नये, हे पथ्य त्याबरोबरच येते.

गांज्याच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि आमच्या अनुभवात कुटुंबांतील सर्वाधिक कलह तिच्यामुळेच होतात. गांज्यातील द्रव्य शरीरातील चरबीत साठते आणि सावकाश बाहेर पडते. एखाद्याने क्वचित एकदा ओढला तर तो तीन-चार दिवसांत उंबरठ्याखाली येतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत मात्र सोडल्यानंतर महिनाभर, क्वचित त्याहून अधिक काळही, तो उंबरठ्याच्या आसपास रेंगाळत राहतो. त्यात लघवी दर दिवशी सारखी दाट नसते. ज्या दिवशी पाणी भरपूर प्यायले त्या दिवशी ती पातळ होते आणि मोजमाप खाली येते. उन्हात काम केले आणि पाणी कमी प्यायले, की तेच मोजमाप वर जाते. सोमवारी ४० म्हणून नकार आणि गुरुवारी ५५ म्हणून होकार, असे घडले की घरचे म्हणतात, ‘मधल्या तीन दिवसांत पुन्हा ओढलास.’ प्रत्यक्षात त्याने काहीही ओढलेले नसते. यासाठी लघवीतील क्रिएटिनिन मोजतात. त्यावरून लघवी किती पातळ आहे ते कळते, आणि गांज्याच्या मोजमापाला त्याने भागले की चढउतार बऱ्याच अंशी निवळून खरी घसरण दिसू लागते. हे काम पट्टीचे नाही, प्रयोगशाळेचे आहे. (‘मित्र ओढत होते, मी नुसता शेजारी बसलो होतो’ ही सबबही नेहमी ऐकू येते. बंद, धुराने भरलेल्या खोलीत दीर्घकाळ बसण्याचा अपवाद सोडल्यास, शेजाऱ्याच्या धुराने ५० चा उंबरठा सहसा ओलांडला जात नाही.)

फसव्या होकाराचे दुसरे कारण औषधे. प्रतिपिंड हे कुलपासारखे असते आणि काही कुलपे शेजारच्या किल्लीनेही उघडतात. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनने आणि आम्लपित्तावरील रॅनिटिडीनने काही चाचण्यांत अ‍ॅम्फेटामाइनचा होकार येऊ शकतो. ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी, आणि काही पद्धतींत क्षयरोगावरील रिफाम्पिसिननेही, अफूजन्य पदार्थांचा होकार आल्याचे नोंदले गेले आहे. क्षयरोग आणि व्यसन ही जोडी आमच्या वॉर्डांत नवलाची नाही, म्हणून हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. येथे मात्र मास स्पेक्ट्रोमीटर निर्णायक ठरतो. तो पदार्थाची रासायनिक ओळख पटवतो आणि रिफाम्पिसिनला मॉर्फिन कधीच म्हणत नाही. निधीतील खर्चाचे पहिले समर्थन हे आहे.

फसव्या नकाराविषयी कुटुंबे सहसा विचारत नाहीत, कारण नकार ऐकून सर्वांनाच सुटल्यासारखे वाटते. पण पट्टी ज्यासाठी बनवली आहे तेवढेच ती पाहते. अफूजन्य पदार्थांची पट्टी ट्रॅमाडॉल ओळखत नाही, फेंटॅनिल ओळखत नाही, बुप्रेनॉर्फिनही ओळखत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र पट्ट्या लागतात. ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचा गैरवापर इतका वाढला की एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारला ते औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. मुंबईत ‘एमडी’ या नावाने पसरलेले मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या कायद्याखाली आले, परंतु नेहमीच्या पाच पदार्थांच्या संचावर ते भरवशाने दिसत नाही. झोपेच्या गोळ्यांपैकी क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम काही संचांतून निसटतात. त्याशिवाय वेळेचा प्रश्न असतोच. गर्द घेतल्यास मॉर्फिन लघवीत दोन-तीन दिवसच सापडते. शनिवारी घेतले आणि गुरुवारी तपासले, तर पट्टी प्रामाणिकपणे नकारच देईल. मुलाचे वागणे बदलले आहे, पैसे नाहीसे होत आहेत आणि पट्टी नकार देते आहे, अशा वेळी पट्टीवर नव्हे तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून डॉक्टरांकडे यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

वेष्टनावर छापलेल्या ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. अचूकता उंबरठ्यापासून दूर असलेल्या नमुन्यांत उत्तम असते. ज्याच्या लघवीत काहीच नाही किंवा ज्याच्या लघवीत उंबरठ्याच्या दहापट आहे, तेथे पट्टी क्वचितच चुकते. जी खरी शंकेची जागा, म्हणजे उंबरठ्याच्या थोडे वर आणि थोडे खाली, तेथे तीच पट्टी एकाला रेघ दाखवते आणि दुसऱ्याला दाखवत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती संख्येने सांगितल्याशिवाय पटत नाही. समजा, एक पट्टी शंभर व्यसनींपैकी पंच्याण्णवांना ओळखते आणि शंभर निर्व्यसनींपैकी पंच्याण्णवांना योग्य नकार देते. एखाद्या महाविद्यालयाने १,००० विद्यार्थ्यांची सरसकट तपासणी केली आणि त्यांत खरोखर घेणारे २० असले, तर पट्टी त्यांतील १९ जणांना पकडेल. उरलेल्या ९८० पैकी पाच टक्के, म्हणजे ४९ निरपराध विद्यार्थ्यांनाही ती होकार देईल. होकार आलेले ६८, त्यांत खरे १९. म्हणजे पट्टीवर दोषी ठरलेल्या दर दहा जणांतील सात जण निर्दोष असतील. हीच पट्टी आमच्या व्यसनमुक्ती विभागात २०० जणांना लावली आणि त्यांत १२० जण खरोखर घेणारे असले, तर होकार ११८ येतील आणि त्यांत खोटे केवळ चार असतील. पट्टी बदललेली नाही, ती कोणाला लावली ते बदलले आहे. शाळा-महाविद्यालयांत सरसकट तपासणी करावी, ही मागणी चांगल्या हेतूने केली जाते. पण पुष्टीची सोय आणि तिचा खर्च हाती असल्याशिवाय अशी तपासणी सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या एकोणपन्नास मुलांच्या घरी त्या संध्याकाळी काय होईल, याचा विचार आधी झाला पाहिजे.

आपल्या रुग्णालयात ही चाचणी कशी करतात, ते आता थोडक्यात सांगतो. नमुना रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने घेतला जातो. ‘साखरेची तपासणी आहे’ असे सांगून गुपचूप चाचणी करण्याची विनंती नातेवाईक कळवळून करतात, पण ती आम्हाला मान्य करता येत नाही. अमली पदार्थांच्या वापराशी निगडित विकार २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली येतात, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. शिवाय फसवून घेतलेल्या नमुन्यानंतर रुग्ण समुपदेशकाशी पुन्हा खरे बोलत नाही. नमुना देताच त्याचे तापमान पाहतात. ताजी लघवी ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, त्यामुळे बाहेरून आणलेला नमुना बहुधा तेथेच ओळखू येतो. नंतर नमुन्याचे दोन भाग करतात. एकावर पट्टीची चाचणी होते आणि दुसरा मोहोरबंद करून शीतकपाटात गोठवून ठेवतात. पट्टीचा होकार रुग्णाने मान्य केला तर पुढील तपासणीची गरज राहत नाही, आणि बहुसंख्य वेळा तसेच होते. त्याने नाकारला, किंवा निकालावर नोकरी, घर वा न्यायालयातील काही अवलंबून असले, तर गोठवलेला भाग मास स्पेक्ट्रोमीटरच्या तपासणीस पाठवतात. ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी तो रुग्णसाहाय्य निधीतून होतो. पुष्टीचा अहवाल येईपर्यंत रुग्णाच्या कागदपत्रांवर ‘प्राथमिक चाचणी’ एवढीच नोंद असते.

नातेवाइकांना विनंती एवढीच की घरी चाचणी केली असल्यास येताना तिचे वेष्टन सोबत आणावे, त्यावर उंबरठ्याचे आकडे असतात. रुग्ण गेल्या आठवड्यात घेत असलेली सर्व औषधे, खोकल्याच्या बाटलीसह, पिशवीत घालून आणावीत. सणासुदीचे दिवस असतील तर फराळात खसखस होती का, हेही न संकोचता सांगावे. आमच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.